बँकेचा नंबर बटणाच्या फोनात ठेवा, काका

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. दोन एकर द्राक्षबाग, थोडा ऊस. वय ६१. गेल्या दिवाळीला पुण्याच्या पोरानं २५ हजारांचा मोबाइल आणून दिला. तोवर माझ्याकडं बटणाचा होता, सात-आठ वर्षं चालला. नव्यात सगळं आहे म्हणतात, पण मला साधा फोन उचलायला जमंना. बागेत औषध मारताना हात ओला असला की पडदा हलत नाही. दिवसभर टिंगटिंग चालू. भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, बागायतदारांचे तर विचारूच नका. रात्री जरा बघू म्हणून हातात घेतो तर एक वाजतो. त्यात महिन्यापूर्वी 'पीएम किसान' नावाची फाइल आली आणि मी ती दाबली. शेजारच्या पोरानं बघितलं, लगेच फोन बंद केला म्हणून वाचलो. बेदाण्याचे पैसे नुकतेच खात्यावर आले होते. तेव्हापासून धडकीच भरलीय. मला परत बटणाचा वापरायचा आहे. पोरगा म्हणतो, "आप्पा, जग पुढं चाललंय, तुम्ही मागं कशाला जाता?" मंडळी म्हणते, नातवाचं तोंड दिसतंय तेवढं बंद करू नका. तासगावातला दुकानदार म्हणतो, नवीन बटणाच्या फोनातपण यूपीआय चालतं. कोणता ठेवू? साधा घेतला तर माझं काही अडेल का?

(एक बागायतदार, तासगाव तालुका)

काका, नमस्कार.

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. दोन्ही फोन ठेवा आणि त्यांची कामं वाटून द्या. बँकेला आणि आधारला जोडलेल्या नंबरचं सिम बटणाच्या फोनात घाला आणि तो फोन तुमच्या खिशात ठेवा. मोठा फोन घरी राहील, दुसऱ्या सिमवर, काकूंच्या ताब्यात, आणि त्यात बँकेचं काहीही असणार नाही. माझं सगळं लक्ष तुमच्या त्या एका नंबरवर आहे. तो कुठं बसतो हे ठरलं की बाकीचं फार अवघड राहत नाही.

पण त्याच्याही आधी ती फाइल. पत्रात तुम्ही ती दोन ओळींत उरकलीत. मला वाटतं ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. शेजारच्या पोरानं फोन बंद केला हे फार चांगलं केलं. पण नंतर तो चालू केलात ना? फोन बंद केल्यानं आत शिरलेलं ॲप जात नाही. फोन चालू झाला की तेही जागं होतं.

अशा फाइलचं काम कसं चालतं ते नीट समजून घ्या, म्हणजे धडकी कमी होईल आणि सावधपणा राहील. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि 'एपीके' ही इंग्रजी अक्षरं असतात. ते पत्र नसतं, फोटोही नसतो. ते ॲप असतं. दाबलं की फोन विचारतो, हे बसवू का? आपण 'हो' म्हणतो. मग ते ॲप तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण तिथंही 'हो' म्हणतो. तिथून पुढं बँकेचा ओटीपी आला की तो तुम्ही वाचायच्या आधी भामट्याकडं पोचलेला असतो. कधी 'पीएम किसान', कधी गाडीचं ई-चलन, लग्नसराईत तर चक्क लग्नपत्रिका. नावं बदलतात, आतलं काम तेच. आणि बहुतेक वेळा ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. म्हणून तुम्ही दाबलीत यात अडाणीपणा नाही. भावकीतल्या माणसाकडून आलेली पत्रिका कोण उघडत नाही?

तर आज हे करा. मोठ्या फोनचं इंटरनेट बंद करा. बँकेच्या शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या, एकेक नोंद वाचा आणि काउंटरवर सांगा की फोनात गैर ॲप शिरलं असण्याची शक्यता आहे. नेट बँकिंग किंवा मोबाइल बँकिंग चालू असेल तर ते तूर्त थांबवायला सांगा. मग मुलगा येईल तेव्हा, किंवा तासगावातल्या खात्रीच्या माणसाकडून, फोटो आणि नंबर काढून घेऊन फोन कोरा करून घ्या. दुकानात त्याला 'फॅक्टरी रिसेट' म्हणतात. नुसतं ॲप शोधून काढत बसू नका, त्यातली काही ॲप पडद्यावर चिन्हही दाखवत नाहीत. फोन कोरा झाल्यावर व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा, अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला दिसला तर काढून टाका. आणि खात्यातून एक रुपयाही न सांगता गेलेला दिसला तर उद्यावर ढकलू नका, १९३० ला फोन लावा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

हे झालं की मग बटणाच्या फोनाचं बोलू.

तुमचा पहिला मुद्दा मला एकदम पटला. बोट टेकलं की पडद्यावरच्या विजेत जो अगदी बारीक बदल होतो, त्यावर टचचा पडदा चालतो. पाण्याचा थेंब पडला की त्याला तेही बोट वाटतं, हातमोजा घातला की बोटच कळत नाही, आणि वर्षानुवर्षं कात्री धरून घट्टे पडलेल्या कोरड्या बोटांचा दाबही तो कित्येकदा घेत नाही. ज्या बोटांचा ठसा आधारच्या मशीनवर उमटत नाही, त्याच बोटांना हा पडदा दाद देत नाही. फवारणीचा ब्लोअर चालू आहे, अंगावर औषधाचे शिंतोडे, डोक्याला टॉवेल, आणि दलालाचा फोन वाजतोय. अशा वेळी हिरवं बटण अंगठ्यानं चाचपून दाबता येणं ही मोठी सोय आहे, आणि जी चीज तुमच्या कामाच्या जागी चालत नाही तिला तुम्ही 'जमत नाही' म्हणून स्वतःला दोष देताय. रात्रपाळीची लाईट असली की मोटर चालू करायला जाताना बॅटरीचा उजेड लागतो, तोही या फोनाच्या डोक्यावरच असतो. विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवला असेल तर त्यालाही बटणाचा फोन पुरतो. फोन लावायचा, आकडा दाबायचा, मोटर चालू.

आता कोणता घ्यायचा. आधी कपाटातला जुनाच काढा. मागचं झाकण उघडून बॅटरी टेबलावर ठेवा आणि बोटानं फिरवून बघा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलीय, टाकून द्या. बॅटरी बरी असली तरी एक प्रश्न उरतो, तुमचं सिम कोणत्या कंपनीचं आहे? जिओचं नेटवर्क मुळातच ४जी आहे, त्यामुळं जुन्या २जी फोनात जिओचं सिम घातलं तर फोन लागत नाही. एअरटेल, व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) यांचं सिम असेल तर २जी फोन चालतो. पण नवीनच घ्यायचा झाला तर मी सांगेन, चार पैसे जास्त गेले तरी ४जीचा बटणाचा फोन घ्या. दुकानात 'व्हीओएलटीई आहे का', म्हणजे ४जीवरून बोलता येतं का, असं विचारायचं. २जी आणखी किती वर्षं राहील यावर विसंबून आज पैसे घालण्यात अर्थ नाही. जिओभारत नावाचा फोन जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला, तो स्वस्त आहे पण त्यात जिओचंच सिम चालतं. तुमचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर किमतीकडं बघून तो घेऊन येऊ नका.

दुकानात खोक्यावरचं वाचत बसू नका, फोन हातात घेऊन तपासा. स्वतःचं सिम घालून दुकानातूनच काकूंना फोन लावा, आवाज दोन्हीकडं स्पष्ट येतो का बघा. आकडे चष्म्याशिवाय दिसतात का? कोणाला तरी मराठीत एसएमएस पाठवायला सांगा, अक्षरं नीट दिसतात की चौकोन-चौकोन येतात ते पाहा. आणि एक गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाही. जुन्या धाटणीच्या बऱ्याच बटणाच्या फोनांत एसएमएस ठेवायला जागा थोडी असते. कंपन्यांच्या जाहिरातींनी ती भरली की नवा एसएमएस येऊन पडत नाही, आणि माणूस सेवा केंद्रात खुर्चीवर बसून 'ओटीपी येईना, ओटीपी येईना' करत राहतो. तर एसएमएस किती मावतात ते विचारा आणि घरी आठवड्याला एकदा जुने पुसत जा. सुटी बॅटरी मिळते का तेही विचारून ठेवा. सांगलीकडं २०१९ च्या पुरात कित्येक गावांत लाईट नव्हती. चार-चार दिवस चार्जिंगविना तग धरणारा फोन घरात एक तरी असावा हे नदीकाठच्या लोकांना सांगायला लागत नाही.

तुमचा दुकानदार यूपीआयबद्दल खोटं बोलत नाही. रिझर्व्ह बँकेनं ८ मार्च २०२२ ला साध्या फोनांसाठी 'यूपीआय १२३ पे' सुरू केलं. ठरावीक नंबरला फोन लावायचा, आवाज सांगेल तसे आकडे दाबायचे, शेवटी पिन टाकायचा, इंटरनेट लागत नाही. एका वेळची मर्यादा आधी ५ हजार रुपये होती, ती वाढवून १० हजार केलीय. त्याही आधीपासूनची \*९९# ची सोय आहे, तिथं मर्यादा ५ हजार. काही बटणाच्या फोनांत यूपीआयचं ॲप आतच भरलेलं असतं. सगळं खरं. पण काका, तुम्हाला रोज किती वेळा लागणार आहे हे? मजुरांचा पगार तुम्ही रोख देता, औषधाच्या दुकानात खातं असतं, दलालाचा पैसा बँकेतून येतो. ज्या खात्यात हंगामाचा सगळा पैसा पडतो, त्याला चहाच्या बिलासाठी दार पाडायची गरज मला दिसत नाही. लागलंच तर दुसऱ्या बँकेत काकूंच्या नावानं छोटं खातं काढा, त्यात दोन-तीन हजारांवर ठेवू नका, आणि त्याचं यूपीआय मोठ्या फोनात चालवा. गेलेच तर तेवढेच जातील. '१२३ पे' चालू करायचंच ठरवलंत तर त्याचा नंबर बँकेच्या शाखेतून कागदावर लिहून आणा. गूगलवर बँकेचा 'कस्टमर केअर' नंबर शोधू नका, तिथं भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

आता या वाटणीत नेमकं रक्षण कशानं होतं ते सांगते, म्हणजे मुलाला समजावता येईल. मोठ्या फोनावर यूपीआयचं ॲप सुरू करायचं तर बँकेत नोंदलेल्या नंबरचं सिम त्याच फोनात असावं लागतं. ॲप त्या सिममधून एसएमएस पाठवून खात्री करून घेतं. ते सिम तिथं नाही म्हटल्यावर काकूंच्या हातून उद्या एखादी लग्नपत्रिका दाबली गेली, तरी त्या ॲपला वाचायला बँकेचा एसएमएसच मिळत नाही. ओटीपी पडतो तुमच्या खिशातल्या फोनात, आणि त्या फोनात एपीके फाइल बसतच नाही. त्या फोनाचं अडाणीपण इथं कामाला येतं.

एवढं ऐकून निर्धास्त मात्र होऊ नका. बटणाच्या फोनावरही माणूस बोलतो, आणि बोलण्यात फसवतो. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपली, आलेला आकडा सांगा," असा फोन त्यावरही येणार. "सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय," असाही येईल. ओटीपी बँक फोनवर विचारत नाही, आणि फोनवरून अटक कोणालाच होत नाही. लाल बटण दाबायचं. उत्तर द्यायची, समजूत घालायची, शिव्या द्यायचीसुद्धा गरज नाही.

अडेल का, असं तुम्ही विचारलंत. काही ठिकाणी अडेल. तेच आधी सांगितलेलं बरं.

व्हॉट्सॲप बटणाच्या फोनात मिळेल या आशेवर राहू नका. जिओफोनासारख्या काही फोनांत ते चालायचं, पण २०२५ च्या सुरुवातीला कंपनीनं त्या फोनांसाठीचं व्हॉट्सॲप बंद केलं. तेव्हा नातवाचं तोंड मोठ्या फोनातच दिसणार. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइल ॲपवर आहे, शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, ते काम बटणाच्या फोनाचं नाही. पण एका फोनावरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळं तुमचाच मोठा फोन एक दिवस बागेत घेऊन जा आणि भावाचीही उरकून टाका. पीएम किसानच्या ई-केवायसीला ओटीपी चालतो, तो आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो, म्हणजे बटणाच्या फोनात. शेतकरी ओळख क्रमांक, पीकविमा, अशा बऱ्याच ठिकाणी ओटीपीची गरज पडते. म्हणून तर म्हणते, तो नंबर तुमच्याच खिशात हवा. गावात अशी घरं भरपूर आहेत जिथं आधारला नंबर पुतण्याचा जोडलाय, बँकेला जावयाचा, आणि म्हातारा दर वेळी "तुला मेसेज आला का रे?" विचारत दारोदार फिरतोय. साधा फोन घेतल्यानं माणूस मागं पडतो असं मला वाटत नाही. स्वतःचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनात जायला लागला की मात्र तो खरोखर परावलंबी होतो. सेवा केंद्रात गेलात तरी फोन पोराच्या हातात देऊ नका, आकडा स्वतः वाचून सांगा, आणि त्या एसएमएसमध्ये कशासाठीचा ओटीपी आहे ते आधी वाचा.

हवामानाची अडचण खरी आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (नवा कोंब) फुटताना पाऊस येतोय की नाही यावर डाऊनी रोगाची फवारणी ठरते, आणि ते तुम्ही हल्ली मोबाइलवरच बघत असणार. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मिळतो, विजेसाठी 'दामिनी' आहे, दोन्ही सरकारी संस्थांची. तेवढं सकाळी चहाच्या वेळी घरच्या फोनात बघून बाहेर पडा. वळवाच्या दिवसांत, आभाळ भरलं असेल तर मोठा फोन बागेतल्या शेडपर्यंत न्यायलाही हरकत नाही. रोगाबद्दल विचारायचं झालं तर किसान कॉल सेंटर आहे, १८०० १८० १५५१, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, आणि बटणाच्या फोनावरून लागतं. बागायतदारांच्या ग्रुपमधल्या फवारणीच्या याद्यांबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगते. त्यातली निम्मी माणसं औषधं विकतात.

आता सिमची अदलाबदल. सध्या तुमचं व्हॉट्सॲप बहुधा बँकेच्याच नंबरवर असणार. काकूंच्या नावावर एक नवीन सिम घ्या, ते मोठ्या फोनात घाला, आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चेंज नंबर' वापरून ते नव्या नंबरवर न्या. सिम एका फोनात आणि व्हॉट्सॲप दुसऱ्यात असं ठेवू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं असल्या ॲपना, सिम त्याच फोनात असल्याशिवाय चालू देऊ नका, असा आदेश काढलाय. नंबर बदलला की जुने ग्रुपही तपासून घ्या. कोणत्या ग्रुपमधून बाहेर पडायचं हे ठरवायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, आणि भावकीत कोणी विचारलं तर 'नंबर बदलला' हे कारण खरंच आहे.

मोठ्या फोनात मुलाला तीन-चार गोष्टी करायला सांगा, त्यापुढं शहाणपणा नको. बाहेरून आलेली ॲप बसवायची परवानगी बंद, विशेषतः व्हॉट्सॲपसाठी. ग्रुपमध्ये कोणीही ओढू नये म्हणून 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवायचं. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद, आणि व्हॉट्सॲपला दोन पायऱ्यांचा पिन. अक्षरं मोठी. काकूंना व्हिडिओ कॉलसाठी सुनेचं चिन्ह पहिल्या पानावर.

रिचार्जचा खर्च वाढेल अशी शंका येईल. बटणाच्या फोनाला इंटरनेट लागतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम केला की कंपन्यांनी फक्त बोलणं आणि एसएमएस एवढाच पॅकही ठेवला पाहिजे, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. दुकानदार आपणहून तो सांगणार नाही, 'डाटा नको, नुसतं बोलायचं वर्षाचं' असं मागा आणि आजचा भाव विचारा. हे सिम कधी बंद पडू देऊ नका मात्र. बराच काळ रिचार्ज नाही, वापर नाही, तर कंपनी नंबर काढून घेते आणि काही महिन्यांनी तोच दुसऱ्या कुणाला देते. मग तुमच्या बँकेचे एसएमएस त्या भल्या माणसाला जातात. फोन हरवला तर सिम लगेच कंपनीकडून बंद करून घ्या आणि पोलिसात नोंद करून सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तो फोनही बंद करता येतो. त्यासाठी लागणारा नंबर \*#०६# दाबलं की दिसतो, घेतल्या दिवशीच वहीत उतरवून ठेवा.

रात्रीच्या एक वाजण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मोठा फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला की तो प्रश्न तुमच्यापुरता संपतो. तुमच्यापासून लांब नाही, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आहे ना, तिथं ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावात टीव्ही-मोबाइल बंद. पोरांचा अभ्यास व्हावा म्हणून गावसभेत ठरलं आणि पाळलं. एकट्यानं ठरवण्यापेक्षा चारचौघांनी मिळून ठरवलेलं टिकतं असा माझा अंदाज, त्यामुळं तुमच्या घरी जेवायची वेळ तरी काकूंशी बोलून ठरवा. त्यांनी रात्री मालिका बघायला फोन घेतला तर मात्र मला पत्र लिहू नका.

मुलाचं काय? त्यानं पंचवीस हजार घातलेत, आणि तुम्ही तो फोन परत कपाटात टाकलात तर त्याला लागणारच. पुण्यात बसून त्याला वाटतं, आप्पांना सगळं हातात द्यावं. त्यात माया आहे, काका, फक्त त्यानं ब्लोअरवर बसून फोन उचललेला नाही. त्याला 'जमत नाही' असं सांगू नका, कारण तो लगेच शिकवायला बसेल. त्याला सांगा, "फोन घरात आहे, तुझी आई आणि नातू रोज बोलतात. बँकेचा नंबर मी वेगळा काढलाय, कारण त्या फाइलनं हंगाम गेला असता." पैशाचं कारण त्या पिढीला लगेच कळतं. आणि फोन कोरा करायचं, सिम बदलायचं, सेटिंग लावायचं काम त्याच्याच हातून करून घ्या. ज्यानं फोन आणला, त्यानंच तो घरच्यांसाठी लावून दिला तर परत दिल्यासारखं वाटणार नाही.

तो येईपर्यंत थांबायचं ते एवढ्याच कामांसाठी. बँकेत मात्र आजच जा. जाताना आधार, पासबुक आणि दोन्ही फोन बरोबर घ्या. खात्याला नेमका कोणता नंबर जोडलाय हे काउंटरवर विचारा आणि आधारचा आधार केंद्रात तपासून घ्या, कारण जुन्या खात्यांना कधीकाळचा भलताच नंबर असतो. आधारचा नंबर वेगळा निघाला तर तो आधार केंद्रात स्वतः जाऊन बदलून घ्या. एकदा ते नक्की झालं की त्याच दिवशी, घरी न जाता, बटणाचा फोन घ्यायला दुकानात जा.